कोपऱ्यातलं टेबल

“मग माझं चुकलं कुठं, अम्मा? तेवढं सांगा. मी लगेच जातो.”

तायाम्मा सुपात शेंगा निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

“घाई असंल तर आत्ताच जा की.”

निनाद गेला नाही. अंगणाच्या मधोमध ठेवलेल्या लोखंडी खुर्चीवर बसून राहिला. खुर्ची तिथं तायाम्मानंच ठेवली होती.

मिरजेच्या पलीकडे, रस्त्याला लागून, पत्र्याचं घर. अंगणाला कुंपण नाही. समोर सार्वजनिक नळ, नळावर बायांची गर्दी. आभाळ सकाळपासून काळवंडलेलं होतं आणि पाऊस येत नव्हता.

तायाम्मा यल्लम्मा देवीला सोडलेली जोगती. मुलगा म्हणून जन्मली, साडीत म्हातारी झाली. ज्यांना घरच्यांनी बाहेर काढलं अशा कितीतरी पोरींना तिनं या पत्र्याखाली आणलं. अबोली त्यांतलीच एक. तायाम्माची चेली.

निनाद अबोलीसाठी आला होता. डेटिंगच्या ॲपवर त्यांची ओळख झाली, बोलणं वाढलं, मग एकदा सांगलीत भेट झाली. त्या भेटीनंतर अबोलीनं त्याला ब्लॉक केलं. कारण सांगितलं नाही. बोलण्यात तिनं अम्माच्या या घराचा उल्लेख केला होता, त्यावरून विचारत तो इथवर आला.

“ती इथंच आहे ना?”

“आत हाय. तुला भेटायचं का न्हाई, ते ती ठरवंल. तू दार वाजवायचं न्हाई.”

“नाही वाजवणार. पण मी वाईट माणूस नाही, अम्मा. तिनं मला पहिल्याच मेसेजमध्ये लिहिलं होतं, मी ट्रान्स स्त्री आहे. मला काहीच अडचण नव्हती. मी तिचं जुनं नाव विचारलं नाही. शरीराबद्दल, ऑपरेशनबद्दल एक शब्द विचारला नाही. भेटायची घाई केली नाही. हॉटेलसुद्धा तिलाच निवडू दिलं.”

“न विचारलेलं सगळं ध्यानात ठेवलंस की.”

त्याला ते लागलं. तायाम्मानं एक किडकी शेंग बाजूला टाकली.

“काय शिकलास?”

“समाजकार्यात एम.ए.”

“व्हय. म्हणूनच समाज घेऊन गेलास हॉटेलात.”

म्हणजे हिला ठाऊक होतं.

“माझे मित्र होते ते. चांगली मुलं आहेत. तुमच्या हक्कांसाठी आम्ही कॉलेजात मोर्चा काढलाय.”

“मित्र येणार म्हणून तिला सांगितलंवतंस?”

“सरप्राइज होतं.”

“तिनं काय मागितलंवतं?”

“काही नाही. म्हणजे... दिवसा भेटू म्हणाली. वर्दळीचं हॉटेल हवं म्हणाली. आणि कोपऱ्यातलं टेबल.”

“दिलंस?”

नळावर कुणाची तरी घागर भरून वाहू लागली. बाया भांडत होत्या.

“मधलं घेतलं,” निनाद म्हणाला. “ती म्हणाली, कोपऱ्यात बसू या ना. मी म्हटलं, लपायचं कशाला? आपण काय चोरी करतोय?”

“मग?”

“मग बसली. डोसा मागवला. हसत होती, अम्मा. खरंच हसत होती. ती कामाला होती त्या दवाखान्यातल्या गमती सांगत होती. एक्स-रे काढताना माणसं श्वास रोखतात आणि सोडायचंच विसरतात, त्याची नक्कल करून दाखवली.”

तो थांबला.

“मग मी उभा राहिलो. मित्रांना हाक मारली. म्हणालो, ही अबोली, ही ट्रान्स आहे आणि मला हिचा अभिमान आहे. मोठ्यानं म्हणालो. सगळ्या हॉटेलनं ऐकावं म्हणूनच. मित्रांनी टाळ्या वाजवल्या. एकानं व्हिडिओ काढला.”

“आन ती?”

“डोशाकडं बघत राहिली. मग म्हणाली, हात धुऊन येते.”

“आली?”



“बाकीचे पुरुष काय करतात, तुम्हाला ठाऊक आहे!” निनाद एकदम उसळून म्हणाला. “अंधारात भेटतात आणि उजेडात ओळख दाखवत नाहीत. मी तसा नाही. मी तिला चारचौघांत मान दिला. तो मान देणं गुन्हा असेल, तर या देशात कधीच काही बदलणार नाही.”

तायाम्मानं सूप खाली ठेवलं. गुडघ्यावर हात टेकून उठली. रस्त्याच्या कडेला गेली आणि नळाकडं तोंड करून ओरडली.

“अगं ए रखमे! ए शांते! हिकडं बघा गं! ह्यो कॉलेजातला साहेब आमच्यातल्या पोरीवर जीव टाकतोय! पोरगी त्याला बोलत न्हाई म्हणून रडत आलाय! मला लई अभिमान वाटतोय बघा ह्येचा! वाजवा टाळ्या!”

बाया हसल्या. टाळ्या वाजल्या. घागरीवर थापाही पडल्या.

“नवरदेव, नाव काय वो?”

“अगं, गोरा हाय की!”

“घरात सांगितलंय का, का चोरून आलाय?”

एक रिक्षावाला थांबला. त्यानं खिशातून फोन काढला.

निनादचे कान लाल झाले. त्यानं सॅक छातीशी धरली, मान खाली घातली.

“अम्मा... आपण आत बसू या का?”

तायाम्मा परत येऊन आपल्या जागी बसली. सूप मांडीवर घेतलं.

“का? लपायचं कशाला?”

रिक्षा गेली. बायांचं हसू हळूहळू विरलं आणि पुन्हा नळाचं भांडण सुरू झालं. निनाद त्या खुर्चीवर तसाच होता. ती सरकवायचं धाडस त्याला झालं नाही.

“सांगलीत अबोलीचं कुणाला ठावं नव्हतं,” तायाम्मा म्हणाली. आवाज आता साधा होता. “दवाखान्यात टेबलाशी बसायची. पेशंटची नावं पुकारायची. घरमालकीण वाटीतनं कालवण द्यायची, वाटी धुऊन परत करताना ही त्यात साखर घालून द्यायची. सांगितलं ते तुला एकट्याला.”

“ती म्हणाली होती,” निनाद पुटपुटला. “तुला सांगितलंय, गावाला नाही.”

“इसरलास?”

“नाही. विसरलो नव्हतो. मला वाटलं, किती दिवस भ्यायचं? कुणीतरी सुरुवात करायला पाहिजे ना.”

“केलीस की. तिच्यापासनं.”

तायाम्मानं हनुवटीनं ओसरीकडं खूण केली. भिंतीशी एक निळी पत्र्याची ट्रंक होती. ट्रंकेवर घडी घातलेला पांढरा कोट.

“तुमचा व्हिडिओ फिरत फिरत त्याच सांजेला मालकिणीच्या फोनवर आला. ट्रंक दारात. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेली, तर टेबलाशी दुसरी पोरगी बसलीवती. डॉक्टर म्हणाला, आमचं काही न्हाई, पेशंट कुरकुरतील.”

निनाद ट्रंकेकडं बघत राहिला. मग घाईघाईनं बोलू लागला.

“व्हिडिओ आम्ही काढून टाकलाय. मी त्या डॉक्टरला सोडणार नाही. हे बेकायदेशीर आहे, अम्मा. कायदा आहे. मी वकील बघतो. मित्रांना घेऊन दवाखान्यासमोर बसतो. पत्रकार...”

“परत माणसं गोळा करतोयस.”



आतली कडी निघाली.

अबोली बाहेर आली. हॉटेलात तिनं फिकट निळा कुर्ता घातला होता, केस एका क्लिपमध्ये बांधले होते. आता हिरवी साडी, कपाळभर हळद, हातात देवीची परडी. मंगळवार होता. बाजारात दुकानोदुकानी जोगवा मागायचा. हे सोडूनच ती सांगलीला गेली होती.

निनाद उभा राहिला. खुर्ची मागं कलंडली.

“अबोली, मी... चुकलो. मला एकदा बोलू दे. मी तुझ्याबरोबर बाजारात येतो. परडी मी धरतो.”

“माझ्यामागं येऊ नकोस. लोक बघतात.”

“मला लोकांची भीती वाटत नाही.”

“माहीत आहे,” अबोली म्हणाली.

ती तायाम्माच्या पाया पडली. पायातली चप्पल नीट केली आणि रस्त्याला लागली. नळावरच्या बाया या वेळी हसल्या नाहीत. त्यांनी बाजूला होऊन तिला वाट दिली. पुढं चौकातून वळताना कुणीतरी शीळ घातली, तीही ऐकू आली.

निनादनं खुर्ची उचलून उभी केली. बसला मात्र नाही.

ओसरीच्या टोकाला, ट्रंकेपलीकडं, पोत्याचा एक पडदा टांगलेला होता. त्याच्या आड एवढीशी जागा. तिथं बसलं की रस्ता दिसत नव्हता आणि रस्त्यावरून कुणी दिसत नव्हतं. एक चटई होती, एक पाण्याचा तांब्या, खिळ्याला अडकवलेला फिकट निळा कुर्ता.

निनाद त्या बाजूला गेला. सॅक उतरवली. पोत्याआड जाऊन, गुडघे पोटाशी घेऊन, चटईवर बसला.

“मी इथंच बसतो, अम्मा,” तो म्हणाला. “ती परत येईपर्यंत. काही बोलणार नाही, काही मागणार नाही. कुणाला दिसणारही नाही. तिनं माफ केलं नाही तरी चालेल. रोज येईन आणि या कोपऱ्यात बसेन.”

त्याचे डोळे भरून आले होते. तायाम्मानं ते पाहिलं.

तिनं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. जागची उठून, भिंतीचा आधार घेत ओसरीच्या टोकाशी आली आणि पोत्याचा पडदा एका हातानं वर धरला.

“ऊठ, लेकरा. ह्यो कोपरा तिचा हाय.”