भिंगरीचा निळा तुकडा आणि भरवशाची इस्त्री

एक होती खारोटी. शेपटी मोठी, आपण छोटी. नाव तिचं भिंगरी.

भिंगरीकडे होता कापडाचा तुकडा. निळा निळा. केवढा? तुमच्या तळहाताएवढा.

अंगणात हौसामावशी गोधडी शिवत होती. थंडी आली होती ना! आणि गोधडी होती सगळ्यांची. ज्याचा तुकडा, त्याची जागा. मनीच्या पिल्लाने दिला लाल तुकडा. कोकराने दिला पांढरा. कोंबडीच्या पिल्लाने पिवळा. तीन कोपरे भरले. चौथा कोपरा भिंगरीचा.

पण झालं काय! भिंगरी रात्री तुकड्यावरच झोपली. इकडे लोळली. तिकडे लोळली. सकाळी बघते तर काय? तुकडा सगळा चुरगळला!

मनीचं पिल्लू हसलं. "हा तुकडा आहे की वाळलेलं कारलं?"

भिंगरी रडवेली झाली. तुकडा घेतला तोंडात. आणि गेली मावशीकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"मावशी, मावशी, टाका घाल ना!"

मावशीने तुकडा हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला.

"कापड झकास आहे गं बाई! पण या सुरकुत्या बघ. सुरकुतीवर टाका घातला, की गोधडी टोचते. आधी इस्त्री करून आण. मग घालते टाका."

"कुठली इस्त्री, मावशी?"

"भरवशाची! बुड गुळगुळीत. अंग जड. आणि ऊब टिकणारी. जा लवकर. दिवस मावळला की मी शेवटची गाठ मारणार."

"आणि माझा कोपरा?"

"राहील रिकामा."

"मग मी निजू कुठे?"

"म्हणून तर म्हणते, पळ!"

भिंगरी पळाली. तुरुतुरु तुरुतुरु. शेजारी गेनूकाकांचं इस्त्रीचं टेबल. टेबलावर इस्त्र्या दोन. एक गुलाबी, वायरवाली. एक काळी, लाकडी मुठीची.

गुलाबी म्हणाली, "मला घे! मी हलकी. मी झटपट!"

गेनूकाका म्हणाले, "थांब, भिंगरे. आधी फडक्यावर बघू. मग तुझा तुकडा."

गुलाबी फडक्यावर फिरली. सुळ्ळकन गेली. सुरकुत्या तशाच! परत फिरली. टप टप! पाणीच गळलं. तिसऱ्यांदा फिरली. फस्स! फडक्यावर पिवळा डाग.

"अगं बाई!" भिंगरीने तुकडा पोटाशी धरला.

गुलाबी लाजली. म्हणाली, "मी आपली रुमालाला बरी. गोधडीला हिलाच घे."

भिंगरीने काळीकडे बघितलं. बुडाला हात लावला. गुळगुळीत! ढकलून बघितली. हूं... हूं... हलेचना! केवढी जड!

काका म्हणाले, "हिने आजवर एक कापड जाळलं नाही. एक थेंब गाळला नाही. अशी इस्त्री बघायला मिळत नाही, भिंगरे."

भिंगरी म्हणाली,
"मावशी टाका घालेना.
तू तुकडा दाब ना!"

काळी इस्त्री बोलली. सावकाश बोलली. "मी हळू तापते. पण तापले की तापले. आत्ता आहे गार. चुलीकडून विस्तव आण. मग दाबते."

भिंगरीने तुकडा ठेवला टेबलावर. आणि गेली चुलीकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"इस्त्री तुकडा दाबेना,
मावशी टाका घालेना.
तू विस्तव दे ना!"

चूल म्हणाली, "देईन की. पण माझं पोट रिकामं. बोरीकडून काटक्या आण. मग देते."

भिंगरी गेली बोरीच्या झाडाकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"चूल विस्तव देईना,
इस्त्री तुकडा दाबेना,
मावशी टाका घालेना.
तू काटक्या टाक ना!"

बोर म्हणाली, "टाकीन की. पण घसा कोरडा पडलाय. फांदी हलवायला जीव नाही. पाटाकडून पाणी आण. मग टाकते."

भिंगरी गेली पाण्याच्या पाटाकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"बोर काटक्या टाकेना,
चूल विस्तव देईना,
इस्त्री तुकडा दाबेना,
मावशी टाका घालेना.
तू पाणी सोड ना!"

पाट म्हणाला, "सोडीन की. पण वाटेत बसलंय ढेकूळ. त्याला उठव. मग सोडतो."

भिंगरी गेली ढेकळाकडे. तुरुतुरु तुरुतुरु. दिवस लागला होता कलायला.

"पाट पाणी सोडेना,
बोर काटक्या टाकेना,
चूल विस्तव देईना,
इस्त्री तुकडा दाबेना,
मावशी टाका घालेना.
तू बाजूला हो ना!"

ढेकूळ म्हणालं, "होणार नाही! मी बसलोय ऐसपैस. मला उठवणार कोण?"

भिंगरीने इकडे बघितलं. तिकडे बघितलं. कोणीच नाही.

"कोण म्हणजे? मी!"

आणि लागली उकरायला. खुरखुर खुरखुर! पुढच्या पायांनी खुरखुर. मागच्या पायांनी खुरखुर. नाकात माती, कानात माती.

"ए, ए! गुदगुल्या होतात!" ढेकूळ हसायला लागलं. हसता हसता हललं. हलता हलता... भुस्स! फुटलं.

मग काय! पाटाने पाणी सोडलं. झुळझुळ झुळझुळ.

बोर पाणी प्यायली. गटगट गटगट. आणि फांदी हलवली. काटक्या पडल्या. कटकट कटकट.

भिंगरीने काटक्या दातात धरल्या, चुलीपाशी नेल्या. गेनूकाकांनी फुंकर घातली. फूऽऽ! चूल पेटली. धडधड धडधड. लालबुंद विस्तव झाला.

काकांनी चिमट्याने विस्तव उचलला. इस्त्रीच्या पोटात घातला. झाकण लावलं. खट्ट!

"चला, इस्त्रीबाई!"

"थांबा," इस्त्री म्हणाली. "मी हळू तापते."

भिंगरीने आभाळाकडे बघितलं. दिवस टेकला होता डोंगराला. "इस्त्रीबाई, लवकर!"

"तापले की तापले, बाळा. घाई केली तर तुकडा जळेल."

भिंगरी थांबली. शेपटी तोंडात धरून थांबली.

मग इस्त्री म्हणाली, "हं. झाले!"

काकांनी तिला केळीच्या पानावर फिरवलं. चर्रर्र! बुड झालं लोण्यासारखं. निळ्या तुकड्यावर पाण्याचा शिपका मारला. आणि इस्त्री खाली टेकली.

दाब. उचल. दाब. उचल.

"ओढत का नाही, काका?"

"ओढला तर तुकडा वाकडा होतो गं. गोधडीचा तुकडा नुसता दाबायचा."

दाब. उचल. दाब. उचल. एक सुरकुती गेली. दुसरी गेली. कडा सरळ, टोकं टोकदार. थेंब नाही, डाग नाही. आणि ऊब? पहिल्या दाबाला होती, तेवढीच शेवटच्या दाबाला!

"वा, इस्त्रीबाई, वा!" भिंगरीने दोन उड्या मारल्या.

गुलाबीसुद्धा म्हणाली, "मानलं बाई तुला!"

भिंगरी तुकडा घेऊन पळाली. तुरुतुरु तुरुतुरु. मावशीच्या सुईत शेवटचा दोरा होता.

मावशीने तुकड्यावरून अंगठा फिरवला. "काय काम केलंय! कागदासारखा सरळ!" तिने तुकडा चौथ्या कोपऱ्यावर ठेवला. आणि घातला टाका. मग टाका. मग टाका. सगळ्यात शेवटी मारली गाठ.

दिवस मावळला. गार वारा सुटला. मनीचं पिल्लू गोधडीत शिरलं. कोकरू शिरलं. कोंबडीचं पिल्लू शिरलं. भिंगरी शिरली निळ्या कोपऱ्यात.

तुकडा अजून कोमट होता.

"सरक ना गं जरा," मनीचं पिल्लू म्हणालं. "तुझ्या कोपऱ्यात ऊब आहे."

भिंगरी सरकली. सगळ्यांना घेतलं जवळ.

गोधडीची झाली ऊब, डोळ्यांत आली झोप. आता तुम्हीही निजा गुपचूप.