न धुतलेल्या पायांचा गुरुवार

येशूने आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले त्याच्या आठवणीच्या पवित्र गुरुवारी करंजखारच्या ख्रिस्ती देवळात पहिल्यांदा येणारा पाहुणा नाकाला रुमाल लावतो. इतर गावांत पाय धुवून घ्यायला निवडलेली बारा माणसं घरूनच साबणाने पाय घासून, नखं कापून, नव्या वहाणा घालून येतात. फादर वर नुसतं पाणी ओतल्यासारखं करतात आणि सगळं स्वच्छ उरकतं. इथे मात्र बाराही जण मिठागरातून थेट येतात, गुडघ्यापर्यंत काळ्या चिखलाने माखलेले. वेदीपर्यंत पावलं उमटतात आणि ती त्या दिवशी कोणी पुसत नाही. पाहुण्यांना हा गावंढळपणा वाटतो. वाटू दे. त्यामागची हकिकत अशी सांगतात.

फार पूर्वी इथे कैतान नावाचा एक आगरी ख्रिस्ती राहत होता. खाडीचा बांध राखणं हे त्याचं काम. बांधाच्या एका अंगाला खारं पाणी, दुसऱ्या अंगाला मिठागरं, शेतं आणि गावातली एकुलती गोड्या पाण्याची विहीर. बांध गेला की गाव गेलं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. खारात उभं राहून कैतानच्या टाचा फुटलेल्या होत्या आणि त्यांतून पू यायचा. माणूस देवभोळा, पण कधी पुढे न बोलावलेला. त्याच्या घराण्यातलं कोणी त्या बारांत बसलं नव्हतं. त्या वर्षी फादर बेनेदितनी त्याचं नाव घेतलं तेव्हा त्याची बायको कातरीन हिला रडू आवरेना.

ज्याने आकाश केलं तो देव फादरच्या हातांनी आपल्या पायांना हात लावणार, या विचाराने कैतानची झोप उडाली. घाणेरडे पाय त्याच्या हातात कसे द्यायचे? त्याने पाय घासले, टाचांतला पू काढला, खोबरेल चोळलं. कातरीनने त्याला उसन्या वहाणा आणून दिल्या.

हा गुरुवार नेहमी पुनवेच्या आसपास येतो, म्हणजे उधाणही त्याच दिवसांत. त्या काळी विधी दुपारी होत असे. कैतान धोतर सावरत बांधावरून निघाला तेव्हा भरती चढत होती. वाटेत खाली चिखलात एक माणूस बांधाला पाठ लावून, हात दोन्ही बाजूंना पसरून उभा होता. मिठाच्या हंगामाला आलेला कोणी परगावचा मजूर असावा. त्याचं नाव कोणाला माहीत नव्हतं. चिंबोऱ्यांच्या, म्हणजे खेकड्यांच्या, बिळातून पाणी घुसलं होतं आणि ते भोक तो पाठीने दाबून धरत होता.

"भावा, जरा हात दे," तो म्हणाला. "मी हललो तर खांड पडंल, बांध फुटंल."

कैतानने खाली पाहिलं. मग आपल्या पायांकडे पाहिलं.

"आज नाय जमायचं रं. आज देव माजे पाय धुनार हाय. थोडं धर, मी देवळातून मानसं धाडतो."

असं म्हणून तो गेला. तो वाईट नव्हता, हे इथे आवर्जून सांगतात. माणसं धाडायचं त्याच्या मनात खरोखरच होतं. पण देवळात गाणी सुरू झालेली, त्याला पुढे नेऊन बसवलेलं, आणि भर विधीत उठून ओरडायचं तरी कसं? झाल्यावर सांगू, असं त्याने ठरवलं. त्याची जागा शेवटची होती. फादर एकेकापुढे गुडघे टेकत सरकत होते. अखेर ते त्याच्यापुढे वाकले. त्यांनी ते तेल लावलेले पाय हातात घेतले मात्र, कैतानने चटका बसल्यासारखे मागे ओढले.

"नको फादर. बांधावर मानूस हाय."

सगळं देऊळ धावलं. बांध शाबूत होता. वरची माती मात्र घसरून खाली बसली होती आणि तिच्यातून एक हात बाहेर आलेला दिसत होता. खांड बुजली होती ती त्या माणसाच्या अंगाने. त्याला उकरून काढलं तेव्हा त्याचा श्वास थांबलेला होता.

गावाने त्याला बांधाच्या कडेलाच मूठमाती दिली. आणि मग, जसं होतं तसं, कुजबूज सुरू झाली. कोणी म्हणालं, त्याचे हात क्रुसावरच्यासारखे पसरलेले होते ते पाहिलंत का? कोणी म्हणालं, तो प्रभूच होता, गाव वाचवायला आला आणि गेला. ईस्टरपर्यंत सगळ्यांची खात्री पटली. कैतानची सुद्धा पटली, किंवा पटावी असं त्याला फार वाटत होतं. तो फादरांकडे गेला.

"फादर, तो देवच व्हता ना? देव आसंल तर तो मेला नाय. मंग मी कोनाला मारला नाय."

फादर बेनेदितनी त्याला शेजारी बसवलं.

"कैतान, येशू खरा देव आहे असं आपण म्हणतो. तो खरा माणूस होता हेही त्याच दमात म्हणतो. तो खाली उतरला, तेव्हा त्याचेही पाय मळले. त्याचाही श्वास कोंडला. चिखलात उतरूनही न मेलेला देव तुला हवाय. तसा देव माझ्याकडे नाही."

"म्हंजे मला माफी नाय?"

"तसं मी म्हणालो नाही."

कैतान त्या वर्षी देवळाच्या आत आला नाही. दारापर्यंत यायचा आणि परत फिरायचा. वर्ष असंच गेलं. पुढच्या पवित्र गुरुवारी उधाणात बांध सोडायची कोणाची छाती होईना. भक्ती कसली, भीतीच ती. घंटा झाल्यावरच बारा जण धावत आले, चिखलाने बरबटलेले. फादरांनी कपाळाला आठी न घालता त्यांचे पाय धुतले. मग पाणी गढूळ झालेलं घंगाळ उचलून ते दाराशी गेले. तिथे कैतान उभा होता, चिखलातच. फादरांनी त्याच्यापुढे गुडघे टेकले.

"पाय दे, कैतान."

"ह्ये पाय नको, फादर. दुसऱ्या कोनाचे बी घ्या."

"मला हेच हवेत."

कैतान हलला नाही. फादरही उठले नाहीत. भरती उतरायला लागली तरी दोघे तसेच होते, असं म्हणतात. शेवटी कैतानने एक पाय पुढे केला. तोंड मात्र दुसरीकडे फिरवलेलं होतं, आणि तो हुंदके देत होता.

तो मजूर कोण होता, यावर गावात अजून एकमत नाही. आजही त्या गुरुवारी शेवटच्या माणसाची जागा दाराशी असते, आणि आजही तो माणूस पाय पुढे करायला वेळ लावतो. फादर गुडघ्यांवर थांबून राहतात. मागून कोणी घाई करत नाही.