सगुणेचं गाठोडं

फार जुन्या काळची गोष्ट आहे, मुलांनो. मोठ्यांनीही ऐकावी अशी.

डोंगरांनी वेढलेल्या एका गावात बयाजी नावाचा कुंभार राहत होता. त्याच्याइतका सचोटीचा माणूस त्या मुलखात नव्हता. परगावी जाणारे लोक घराच्या किल्ल्या बिनघोर त्याच्याकडे ठेवून जात. बयाजीला याचा अभिमान होता आणि खरं सांगायचं, तर जरा जास्तच होता.

एकदा माती आणायला तो घाटात गेला. तिथे वाटेच्या कडेला त्याला लहानसं गाठोडं पडलेलं दिसलं. कापडाला लाल नक्षीचा काठ होता. तसा काठ घाटाखालच्या वाडीतली सगुणा विणकरीणच विणायची. हे तिचंच, हे बयाजीने ओळखलं. वाडी फार लांबही नव्हती. पण तो गाठोडं घेऊन घरी आला.

"अहो, आत्ताच खाली जाऊन देऊन या ना," त्याची बायको म्हणाली. "बिचारी शोधत असेल."

"बाजाराच्या दिवशी देईन. पाटील असतील, सगळी वाडी वर येईल. चार माणसांदेखत दिलेलं बरं."

"निदान आत काय आहे ते तरी बघा."

"दुसऱ्याची गाठ मी सोडू? मी काय चोर आहे?"

त्याने गाठोडं उंदीर लागू नयेत म्हणून शिंक्यात ठेवलं. येता-जाता त्याच्याकडे बघून त्याला बरं वाटे. पाटील काय म्हणतील, आपण काय उत्तर द्यायचं, हे तो चाकावर बसल्या बसल्या मनात जुळवत राही.

बाजाराच्या दिवशी तो धुतलेलं पागोटं बांधून पाराशी उभा राहिला. गाठोडं वर धरून म्हणाला, "हे सगुणेचं. मला घाटात सापडलं. जसंच्या तसं आहे!"

लोक वाहवा करू लागले. पाटील नारळ द्यायला उठले. तेवढ्यात वाडीचा एक म्हातारा पुढे आला. त्याने गाठोडं चाचपून पाहिलं.

"बयाजी, त्यात वैद्याने दिलेल्या मुळ्या आहेत रे. तिच्या पोरीचा ताप उतरत नव्हता. सगुणा वेड्यासारखी घाटभर शोधत होती. पुन्हा वैद्याकडे जाऊन येईपर्यंत... काल पोरीला पोचवून आलो आम्ही."

बयाजी तसाच घाट उतरला. सगुणा उंबऱ्यात बसली होती. त्याने गाठोडं तिच्यापुढे ठेवलं.

"कधी सापडलं, बयाजीदादा?"

त्याने सांगितलं. खोटं बोलणं त्याला ठाऊकच नव्हतं.

"म्हणजे ती जिवंत असताना हे तुमच्या घरात होतं?"

बयाजीने मान खाली घातली.

"मग तेव्हाच का नाही आणलंत?"

सगुणेने गाठोड्याला हातही लावला नाही. ती उठून आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

पुढे बयाजी पुष्कळ वर्षं जगला. त्याला कुणी चोर म्हटलं नाही, कुणी दोषही दिला नाही. पण तो बाजारात कधी दिसला नाही, आणि त्याच्यासमोर कुणी त्याच्या सचोटीचं कौतुक करू लागलं, की तो उठून निघून जाई.

तात्पर्य : सापडलेली वस्तू नुसती जपणं म्हणजे प्रामाणिकपणा नव्हे, ती ज्याची आहे, त्याच्या हाती वेळेवर पोचवणं म्हणजे प्रामाणिकपणा.