केवळाबाईचे चार खण

डोंगराच्या उतरणीला, जिथे बाभळी दाट आणि पाणी पातळ, अशा सावरखिंड नावाच्या गावात भिवाजीमहाराज राहत. मठ म्हणावा तर चार कुडाच्या भिंती, आणि संपत्ती म्हणावी तर एक घोंगडी. पण महाराजांच्या दारात गेलेला माणूस रडत गेला तरी हसत परतायचा. महाराजांचा देवीवर भारी लोभ. ते तिला 'आई' म्हणत, आणि कधीकधी तिच्याशी भांडतही. शेजारच्या म्हाताऱ्या शपथेवर सांगत, की भांडणात दोन्हीकडचे आवाज ऐकू येतात!

एका वर्षी गावाने ठरवले, की महाराजांना घेऊन साडेतीन शक्तिपीठांची यात्रा करायची. कोल्हापूर, तुळजापूर, माहूर आणि शेवटी सप्तशृंगीचा गड. सात दिवस, भाड्याची गाडी, बेचाळीस माणसे. यात्रेची सूत्रे अर्थातच शिरोडे गुरुजींकडे आली. गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक. ही यात्रा त्यांनी अकरा वेळा केली होती, आणि ते अकरा वेळा ऐकल्याशिवाय गावात कुणाची सुटका नव्हती. गळ्यात कवायतीची शिट्टी, खिशात वेळापत्रक. दर्शन पंचेचाळीस मिनिटे, जेवण तीस मिनिटे, भक्तिभाव वाटेत गाडीत!

स्वयंपाकाला त्यांनी केवळाबाईला घेतले. ही गावातली साधी बाई. पैसे भरून यात्रेला जाण्याची ऐपत नव्हती, म्हणून नवऱ्याला शेळ्या सांभाळायला सांगून ती भाकरी थापायच्या बोलीवर गाडीत चढली. पण तिचा जीव भाकरीत नव्हता. तिची लेक कौतिका चांदवडकडे दिलेली. दोनदा कूस उजवता उजवता राहिली. तिसऱ्या खेपेला केवळाबाईने देवीला हात जोडले, "साडेतीन पीठांच्या आयांच्या ओट्या माझ्या हातानं भरीन, आणि मगच नातवंडाचं तोंड बघीन!" नात झाली, धडधाकट झाली. चार महिन्यांची झाली. आणि आजीने अजून तिचे तोंड पाहिले नव्हते! बारशाला गेली तेव्हा डोळ्यांवर पदर बांधून पाळण्याची दोरी ओढून आली. लेक रडली, विहीणबाई रुसल्या. पण बोललेला नवस तो बोललेला.

केवळाबाईच्या पिशवीत चार नारळ होते आणि बाजारातून आणलेले चार रंगांचे चार खण. प्रत्येक खणाच्या कोपऱ्याला तिने हौसेने एकेक कवडी शिवली होती. गाडीत पिशवी उघडी राहिली आणि गुरुजींची नजर पडली.

"काय गं हे केवळा? खणाला कवडी? देवीची ओटी आहे का बैलाची झूल?"

सगळी गाडी हसली. केवळाबाईने खण घडी करून आत ठेवले आणि म्हणाली, "कवडीची माळ आईला आवडती ना, गुर्जी. माळेइतक्या कुठनं आणू?"

मागच्या बाकावर बसलेले महाराज म्हणाले, "शिवली ते बरं केलंस, पोरी. चुकामूक व्हायची नाही."

कोल्हापूर आले. यात्रेकरू राउळाकडे निघाले तशी केवळाबाईही पिशवी घेऊन उठली. गुरुजींनी शिट्टी फुंकली. "तू कुठे? मंडळी परत येतील तेव्हा पानं मांडलेली पाहिजेत. तुझं शक्तिपीठ म्हणजे चूल!" केवळाबाई बसली. थोड्या वेळाने पाहते तर महाराज तिच्या शेजारी बसून लसूण सोलत होते.

"महाराज, तुम्ही दर्शनाला नाही गेलात?"

"तू कुठं गेलीस?" महाराज म्हणाले, आणि आणखी एक गड्डी फोडली.

तुळजापुरात तिने पहाटेच भाकरी उरकल्या. महाद्वारापर्यंत पोचलीही. तोच शिट्टी वाजली. गुरुजींनी जेवणाची वेळ अलीकडे आणली होती. माहुरात तिची हाताखालची बाई तापाने फणफणली आणि गाडीत आडवी झाली. मग काय, गडाकडे मान वर करूनसुद्धा बघायला सवड नाही. बायका म्हणाल्या, "आण गं ते खण, आम्ही भरतो तुझ्या नावानं." पण नवस स्वतःच्या हाताचा होता. केवळाबाईने मान हलवली. आता एकच आस उरली होती. सप्तशृंगीला गेल्यावर चारी खण तिच्याच पायाशी ठेवायचे आणि म्हणायचे, बाई, तुझ्या बहिणींचं तूच पोचव.

सातव्या दिवशी सकाळी गाडी गडावर लागली. धर्मशाळेच्या पडवीत चूल मांडली. समोर पायऱ्या, उभ्या, थेट कड्याला भिडलेल्या. केवळाबाईने गुरुजींचे पाय धरले.

"गुर्जी, आज तेवढं जाऊ द्या. नातीचं तोंड बघायचंय मला."

गुरुजी काही दुष्ट नव्हते, फक्त वेळापत्रकाबाहेर त्यांना दिसत नसे. म्हणाले, "जा की! मी कुठे नाही म्हणतोय? सव्वाशे भाकरी आणि पिठलं तयार ठेव, आणि खुशाल जा. गाडी मात्र बाराला सुटेल. आणि हे बघ, देवीला अठरा हात आहेत, तुला दोनच. तेव्हा जरा हात चालव!" आपल्याच विनोदावर हसत ते पायऱ्या चढू लागले.

एकटी बाई, एक तवा, सव्वाशे भाकरी. केवळाबाईने परातीत पीठ ओतले आणि त्यात टपकन डोळ्यातले पाणी पडले.

"मीठ मागून घाल," महाराज म्हणाले. "सरक. मी थापतो."

आता खरे ते सांगायला हवे. महाराजांना सर्व सिद्धी अवगत होत्या, पण भाकरी येत नव्हती. पहिली तव्यावर पडली ती तालुक्याच्या नकाशासारखी. दुसरीला मधोमध विहीर. इतक्या दुःखातही केवळाबाईला हसू फुटले. महाराजांनी पिठाचे हात कपाळाला पुसले, कड्याकडे तोंड केले, आणि शेजारणीला हाक मारावी तसे ओरडले, "आये! अगं, येतेस का जरा हाताखाली? लेकरू एकटं पडलंय!"

हाकेचा आवाज विरतो न विरतो तोच पडवीच्या टोकाला चार बायका उभ्या. अंगावर साधी लुगडी, कपाळभर कुंकू, पाय धुळीने भरलेले. महाराज चटकन उठले आणि हात जोडून भिंतीला लागून उभे राहिले.

पहिली पदर खोचत पुढे आली. "एवढ्या भाकरी एकटीनं थापायच्या व्हय गं? सर जरा तिकडं."

दुसरीने परातीत बोट घातले. "पाणी गरम न्हाई घेतलंस? मग भाकर चिरतीय की!"

तिसरी चुलीपाशी फतकल मारून बसली. "तवा माह्याकडे सरकव वं माय, मी भाजतो."

चौथी डोक्यावरची मोळी खाली टाकून म्हणाली, "जळण मी आणलं. मी आठलीच शे, ह्याच गडावरली, बहीण."

तेवढ्यात पहिलीची नजर महाराजांच्या भाकरींवर गेली. "आणि ह्या कुणी केल्या? म्हशीपुढं टाकल्या तर म्हस हंबरंल!"

महाराज खाली मान घालून लहान लेकरासारखे हसत होते.

मग काय सांगावे, मंडळी! पडवीत नुसता थापण्याचा नाद उठला. केवळाबाई पिठल्याची फोडणी घालून मागे वळते तर भाकरींची चळत गुडघ्याएवढी. पाणी पिऊन बघते तर कमरेएवढी. हात मोजायला गेले तर मोजता येईनात. परातीत चार, तव्यावर सहा, पिठाच्या डब्यात आणखी चार. बायका तर चौघीच! केवळाबाईला वाटले, रात्रीच्या जागरणाने डोळे फिरले.

"कुठल्या गं बाया तुम्ही?"

"आम्ही बहिणी बहिणी. लेकीबाळींच्या अडीनडीला हिंडतो," दुसरी म्हणाली आणि शेवटची भाकरी तव्यावर टाकली. "चल गं, घरी माणसं खोळंबलीत."

चौघी उठल्या. सूर्य अजून डोक्यावर यायचा होता, गाडीला वेळ होता. केवळाबाई आता पिशवी घेऊन पायऱ्यांकडे धावणार होती. पण तिचे पाऊल जागचे हलेना. चार सवाष्णी दारी आल्या, पीठ सरेस्तोवर राबल्या, आणि रित्या ओटीने परत चालल्या. तिच्या घरात असे कधी झाले नव्हते. हळदकुंकू होते, पसाभर तांदूळ होते. पण खण? खण होते ते चारच.

ती पिशवी उराशी धरून उभी राहिली. हे खण दिले की नवस संपला. दुसरे आणायला गाठीला काही नाही, परत यात्रेला कोण नेणार? नात रांगेल, चालेल, आजी म्हणेल, आणि आपण डोळ्यांवर पदर घेऊनच बसायचे.

"महाराज, काय करू?" तिने विचारले.

महाराज म्हणाले, "तुझ्या घरी आल्या असत्या तर काय केलं असतंस?"

"ओटी भरली असती."

"मग चूल तर तुझीच आहे, पोरी."

केवळाबाईने डोळे पुसले. चौघींना पूर्वेला तोंड करून बसवले. हळदकुंकू लावले. एकेकीच्या पदरात तांदूळ, नारळ आणि कवडी शिवलेला खण घातला. मोहरीच्या रंगाचा शेवटचा खण तिने चौथीच्या ओटीत घातला. चौथीने तो हात आपल्या हातात धरला.

"नात कोणासारखी दिसती गं?"

"अजून तोंड नाही बघितलं, बाई."

"बघशील की आज," ती म्हणाली. केवळाबाईने नमस्काराला डोके टेकवले, वर पाहिले, तर पडवीत कुणी नव्हते. आपण हिला नातीचे कधी सांगितले, हा विचार तिला फार उशिरा सुचला.

इकडे वर काय चालले होते? गुरुजी रांगेत सर्वांत पुढे, पण गाभाऱ्याचा पडदा ओढलेला. पुजारी म्हणत, आईचं साजशृंगाराचं चाललंय, थांबा. अर्धा तास गेला, तास गेला. गुरुजींनी घड्याळ पाहिले, खाकरले, एकदा तर चुकून शिट्टीही तोंडात घातली! तेवढ्यात पडदा बाजूला झाला.

आठ फूट उंचीची ती शेंदरी माउली. अठरा हात. आणि अठराही हात मनगटापर्यंत पिठाने पांढरे! पुजारी गोंधळून उपरण्याने पीठ झटकत होते आणि विचारत होते, "अरे, हे ज्वारीचं पीठ कुणी सांडलं?" गुरुजींनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. देवीच्या ओटीत एक नारळ होता, आणि मोहरीच्या रंगाचा एक खण. त्याच्या कोपऱ्याला एक कवडी होती.

त्या दिवशी गुरुजी पायऱ्या कसे उतरले ते त्यांनाही आठवत नसे. चपला वरच राहिल्या. पडवीत आले तर भाकरींची चळत उभी, आणि केवळाबाई पाने मांडत होती. गुरुजींनी एक भाकरी उचलली. हाताला चटका बसला.

"केवळा," ते कसेबसे म्हणाले, "तुझे खण कुठे आहेत?"

"दिले गुर्जी. चार बाया मदतीला आल्या होत्या, त्यांच्या ओटीत घातले." ती खाली बघत म्हणाली. "माझं जाणं राहिलंच."

गुरुजींनी वर पाहिलेले सांगितले. सांगताना मुख्याध्यापकांचा आवाज पहिल्या बाकावरच्या पोरासारखा झाला. एव्हाना बेचाळीस माणसे पानांवर बसली होती. हातातला घास हातात. केवळाबाई मात्र मान हलवत होती. "नाही नाही, त्या मोळी विकणाऱ्या होत्या. आणि खण तर चार दिले मी, वर एकच कसा?"

महाराज पिठल्याचे बोट चाटत म्हणाले, "बाकीच्या तिघींना लांब जायचं होतं, पोरी. त्या केव्हाच निघाल्या."

केवळाबाई महाराजांकडे बघतच राहिली. मग तिने दोन्ही हातांनी तोंड झाकले आणि चुलीसमोर बसकण मारली.

गाडी सुटली ती बाराला नाही, दोनला. ड्रायव्हरने विचारले, "गुरुजी, सरळ घरी ना?" गुरुजींनी खिशातले वेळापत्रक काढले, त्याच्याकडे पाहिले आणि मुकाट्याने परत ठेवले. "चांदवडकडे घे. बाईंच्या लेकीच्या गावाला."

उन्हे कलताना बेचाळीस माणसे कौतिकाच्या अंगणात उतरली. विहीणबाईंना वाटले, धाडच पडली! कौतिका बाळाला कडेवर घेऊन दारात आली. केवळाबाईने सवयीने पदर डोळ्यांवर ओढला. महाराज हळूच म्हणाले, "आता सोड गं."

तिने पदर सोडला. चार महिने डोळ्यांआड ठेवलेली नात आजीकडे टक लावून पाहत होती. मग तिने बोळके तोंड उघडून हसत हात पुढे केला आणि आजीचे नाक गच्च धरले. "अगं माझे बाई, अगं माझे आई!" केवळाबाई म्हणत राहिली. पुढचे शब्द तिला सुचेनात, आणि नाक सोडवून घ्यावेसेही वाटेना. अंगणात उभ्या एकाही माणसाचे डोळे कोरडे नव्हते.

शिरोडे गुरुजी गर्दीतून वाट काढत पुढे आले. अकरा यात्रांचा तो ताठ कणा पायरीपाशी वाकला आणि त्यांनी केवळाबाईच्या पायांवर डोके ठेवले.

"अहो गुर्जी, हे काय! उठा," ती कावरीबावरी झाली. "पोर घाबरंल."

"उठतो," गुरुजी खालूनच म्हणाले. "बारा यात्रांत आज पहिल्यांदा दर्शन झालंय, माउली. जरा वेळ लागू दे."

भिवाजीमहाराजांनी घोंगडी झटकली आणि पायरीवर शांतपणे बैठक मारली. त्या दिवशी कुणालाच घाई नव्हती.