घाटावरचा दिवा

फार पूर्वी नव्हे, उन्हावर दिवे लागू लागले त्या दिवसांत, एका गावात एक नावाडीण राहत होती. तिथल्या नदीत काळे खडक होते. अंधारात नाव त्यांच्यावर गेली की संपलंच! म्हणून तिन्हीसांजेला घाटावर मशाल पेटवायचा गावाचा रिवाज होता.

एकदा गावात एक बाई आल्या आणि बायकांना उन्हावरचा दिवा जोडायला शिकवू लागल्या. पॅनेलवर ऊन पडलं की वीज तयार होते, बॅटरीत साठते आणि संध्याकाळी दिवा लागतो. पॅनेल आणि बॅटरीच्या मध्ये इवलासा डायोड. तो वीज एकाच दिशेने जाऊ देतो.

"त्याच्यावरची पांढरी रेघ कुठल्या बाजूला ठेवायची, कळलं ना?" बाईंनी विचारलं.

सगळ्यांनी माना डोलावल्या. नावाडिणीला ओ की ठो कळलं नव्हतं, तरी तिनेही डोलावली. गावात शहाणी म्हणून मिरवायची ना! चारचौघींत हसं कोण करून घेणार?

घरी तिने अंदाजाने डायोड जोडला. संध्याकाळी घाटावर दिवा लख्ख लागला. 'उलटा तर नसेल बसला?' अशी पाल तिच्या मनात चुकचुकली. पण लोक वाहवा करत होते. ती ऐटीत म्हणाली, "आता मशाल कशाला हवी?"

मशाल बंद झाली.

डायोड खरंच उलटा बसला होता. उन्हाची वीज बॅटरीत शिरतच नव्हती. दिवा जळत होता तो नव्या बॅटरीत आधीच असलेल्या विजेवर.

एका संध्याकाळी बाजाराहून नाव परतत असताना तो मिणमिणला आणि विझला. नावेत तिचा नवरा होता, चिमुरडी लेक होती.

नावाडीण घाटावर धावली. "अहो, पुढे येऊ नका! खडक आहेत!" ती जीव तोडून ओरडली.

पाण्यावरून लेकीचा आवाज आला, "आई, तू कुठे आहेस? काहीच दिसत नाही गं!"

मग लाकूड फुटल्याचा आवाज झाला. त्यानंतर नुसतं पाणी ऐकू येत राहिलं.

गाव पेटते पेंढे घेऊन धावलं. बापलेक एका खडकाला घट्ट धरून होते. नावेच्या फळ्या वाहून गेल्या होत्या.

बाईंनी जोडणी पाहिली. "अगं, मला विचारायचंस की!"

"तुम्ही सगळ्या हसाल असं वाटलं, बाई," ती रडत म्हणाली.

कुणीही हसलं नाही. नावाडिणीची लेक मात्र पुन्हा कधीच नावेत बसली नाही.

तात्पर्य एवढंच: कळलं नसेल तर तिथल्या तिथे विचारावं. आपण लाजून गप्प बसतो, आणि जीव दुसऱ्याचा धोक्यात येतो.