कौलवाला येण्याआधी

"...आणि डॉक्टरांनी विचारलं, आता तब्येत कशी आहे, तर काय सांगू, बुवा?"

हवालदार हैबतराव साळुंखे मठाच्या पायरीपाशी ताठ उभे होते. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, पण माणूस अजून सांगितल्याशिवाय बसत नसे.

केसूबुवा शेंगा फोडत होते. मान वर न करता म्हणाले, "कशी आहे?"

"ठीक आहे."

"झोप?"

"ठीक."

"लग्नकार्यं, बाजारहाट?"

"एकदम ठीक, बुवा."

ओट्यावर बसलेल्या त्यांच्या बायकोला, सुगंधाबाईंना, ठसका लागला. लागला कसला, त्यांनी लावून घेतला.

"अवो, ठीक काय ठीक? लेकीच्या लग्नात फटाका वाजला, तर सगळ्या वऱ्हाडासमोर टेबलाखाली शिरले. यष्टीत आपल्या मागं कुणी बसलेलं खपत न्हाई, म्हणून साताऱ्यापत्तोर पाठीमागच्या पत्र्याला पाठ लावून उभं ऱ्हात्यात. आन म्हनं ठीक!"

"सुगंधा..."

"ऱ्हायलं. बोलत न्हाई."

फौजेत असताना हैबतरावांनी एका डोंगरावरच्या चौकीत अकरा दिवस गोळे झेलले होते. वर गेले तेव्हा नऊ जण होते, उतरले तेव्हा चार. अंगाला ओरखडा नव्हता. मनाला जे झालं त्याला फौजेच्या डॉक्टरांनी एक लांबलचक इंग्रजी नाव दिलं, औषधं सुरू केली आणि अपंगत्वाची पेन्शन लावून दिली. मधूनमधून तपासणीला डॉक्टरांच्या बोर्डापुढे जायचं, एवढीच अट.

गेल्या खेपेला हैबतराव कडक इस्त्रीत, चकचकीत बुटांत गेले आणि प्रत्येक प्रश्नाला "ठीक, साहेब" म्हणून सलाम ठोकून आले. डॉक्टरांनी तसंच लिहिलं. अपंगत्वाची टक्केवारी निम्मी झाली, तशी पेन्शनही. आता येत्या सोमवारी पुन्हा बोर्ड होतं.

"या बारीला बरे झाले म्हणून शिक्का बसला, की पेन्शन बंद आन औषधंबी बंद," सुगंधाबाई म्हणाल्या. "खरंच बरे झाले असते तर मी गावाला पेढे वाटले असते."

हैबतरावांनी मिशीवरून हात फिरवला. "गावातला एक शहाणा म्हणतो, दाढी वाढवून जा, हात थरथरव, बायकोचं नाव विसर. बुवा, मी असलं नाटक करणार नाही. आणि रडगाणंही गाणार नाही. मी शिपाई आहे."

"बरं," बुवा म्हणाले. "आधी काम."

मठाची रीतच होती तशी. प्रश्न घेऊन येणाऱ्याने आधी काहीतरी काम करायचं. कुणाला पाणी भरावं लागे, कुणाला गोठा झाडावा लागे. तालुक्याच्या सभापतींनीसुद्धा एकदा शेण भरलं होतं आणि त्यानंतर ते फिरकले नाहीत.

"दुपारी कौलं परतायला इसाकभाई येतोय," बुवा म्हणाले. "त्याच्यासाठी मठ तयार ठेव. मी मळ्यात जाऊन येतो."

तयार ठेव! हैबतरावांचे डोळे चमकले. इतका वेळ घुसमटलेल्या माणसाला आपल्या हातचं काम मिळालं. सुगंधाबाई भाकरी थापायला मागच्या चुलीकडे गेल्या आणि यांनी बाह्या सरसावल्या.

दोन तासांत मठ ओळखू येईना. भिंतींवर पाण्याचे पिवळे ओघळ होते, त्यांच्यावर चुन्याचा हात फिरला. इकडेतिकडे मांडलेली पोचे आलेली पातेली घासून देवामागे रांगेत लागली. जमिनीवर कुठं कुठं पांढरे ठिपके पडले होते. ते खरवडून काढून हैबतरावांनी सगळी जमीन सारवली, अगदी कडेला कडा मिळवून.

इसाकभाई आला. शिडी टेकवून आत डोकावला आणि दारातच थबकला.

"गळतंय कुठं?"

हैबतराव टाचा जुळवून सावधान झाले. तोंडातून आपोआप निघालं, "कुठंच नाही. सगळं ठीक!"

"मग मला कशाला बोलावलं?" इसाकभाईने शिडी उचलली.

तेवढ्यात बुवा आले. आत पाहिलं... भिंत पाहिली, जमीन पाहिली... आणि खाली बसून पोट धरून हसायला लागले.

"अरे हवालदारा, ठिपके कुठं गेले?"

"कसले ठिपके?"

"गेल्या पावसात जिथं जिथं थेंब पडला तिथं मी चुना लावून ठेवला होता. वर्षभर ते सोडून सारवत होतो. ठिपका बघायचा आणि वरचं कौल बदलायचं. आता इसाकभाई काय बघणार? तुझी मिशी?"

हैबतराव कानापर्यंत लाल झाले. चुन्याचं भांडं घेऊन ते आत धावले आणि दिसेल तिथं ठिपके द्यायला लागले. कोपऱ्यात दिले, देवापुढे दिले, दाराशी दिले. बघता बघता जमिनीला गोवर आल्यासारखं झालं.

इसाकभाईने कपाळाला हात लावला. "हे खरं धरलं तर आख्खं छप्पर उतरवाय लागंल, भाऊ."

हैबतरावांचा हात थांबला.

"मला... आठवत नाही, बुवा. मी पावसात इथं नव्हतो."



मागच्या दारातून सुगंधाबाई पदराला हात पुसत आल्या. नवऱ्याच्या हातातलं भांडं घेतलं. ओल्या फडक्याने सगळे ठिपके पुसले आणि मग सावकाश तीन दिले. एक खांबाजवळ, एक समईच्या डावीकडे, एक खिडकीखाली.

बुवांनी मान डोलावली. इसाकभाई शिडी चढला.

"तुला गं कसं ठाऊक?" हैबतरावांनी विचारलं.

"आषाढात भजनाला येत हुते की. गळायचं ते माझ्याच डोक्यावर गळायचं."

हैबतराव बायकोकडे बघत राहिले. वर कौलं वाजत होती. एक कौल निसटून अंगणात फुटलं, मोठा आवाज झाला आणि हैबतरावांनी खांबाला घट्ट मिठी मारली. सोडायला वेळ लागला. या वेळी त्यांनी "ठीक" म्हटलं नाही.

मग कुणी न सांगता ते बायकोशेजारी जमिनीवर बसले.

"सोमवारी तूपण चल."

सुगंधाबाईंचे डोळे भरून आले आणि तोंडाने त्या हसत होत्या. "मला कुणी इचारलं तर बोलू?"

"बोल. मी विसरलो तर मलाही आठवण करून दे."

थोड्या वेळाने हैबतरावांनी घसा खाकरला. "बुवा... एकच शंका. बुटांना पॉलिश करायचं, की नाही?"

केसूबुवांनी शेंगांची टोपली पुन्हा पुढे ओढली.

"बूट खुशाल चमकव, हवालदार. जमीन तेवढी सारवू नकोस."