टोक्याचं नाव

एका गावात एक शाळा होती आणि त्या शाळेत मुलांना दुपारचं जेवण मिळायचं. इथपर्यंत गोष्ट चांगली आहे. यापुढे गावातली मोठी माणसं येतात.

जेवणासाठी प्रत्येक घराने धान्य द्यायचं, असा रिवाज होता. त्याला ‘शाळेची मूठ’ म्हणत. ही मूठ कणगीच्या तळातून काढायची, हे कुणी न सांगताही सगळ्यांना ठाऊक होतं. वरचा नवा तांदूळ घरी शिजायचा. तळातला, ओल लागलेला, टोके म्हणजे किडे पडलेला तांदूळ शाळेत जायचा. तोही देताना मान ताठ करून दिला जायचा, कारण दान होतं ना ते!

शाळेचा एक नियम होता. अन्नाला नावं ठेवायची नाहीत. जो ठेवील त्याचं ताट पालथं. पालथं ताट म्हणजे त्या मुलाला पुन्हा शाळेत घासभरही मिळणार नाही.

अधूनमधून गावचे पाच वडीलधारे चव घ्यायला येत. येत ते घरून भरपेट जेवून. शितभर भात जिभेवर ठेवायचे, ढेकर द्यायचे आणि विचारायचे, “काय रे पोरांनो, कसं आहे जेवण?”

पोरं एका सुरात म्हणायची, “छान आहे!”

म्हातारे खूश. जेवण सुधारायचं काम झालं.

त्याच शाळेत गुणी नावाची मुलगी होती आणि तान्या हा तिचा धाकटा भाऊ. आई नव्हती. बाप उजाडताच रानात लाकडं फोडायला जायचा. दुपारी त्यांच्या घरात चूल पेटत नसे. शाळेत मिळेल तेच दोघांचं जेवण.

एके दिवशी तान्याने ताट सरकवलं.

“ताई, भात हलतोय.”

“हलत नाही. खा गुपचूप.”

“हलतोय. तूच बघ.”

गुणीने वाकून पाहिलं. हलत होता. तिने बोटाने टोके वेचून काढले, तरी तान्याने तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही नाही. त्याच्या हातातलं कडं कोपरापर्यंत वर सरकू लागलं.

गुणी स्वयंपाकीणबाईंकडे गेली. “मावशी, तांदूळ निवडून घ्या ना जरा.”

“निवडला की पातेल्याच्या तळाला राहील एवढाच उरतो गं,” मावशी म्हणाल्या. “मग उरलेल्या पोरांना काय वाढू? पोत्यात येतं ते शिजवते मी. पोत्यात घालणाऱ्यांना जाऊन सांग.”

सांगायचं म्हणजे नाव ठेवायचं. नाव ठेवायचं म्हणजे ताट पालथं. पण गप्प बसून तान्या काही जेवणार नव्हता. वडीलधारे चव घ्यायला आले तेव्हा गुणी ताट घेऊन उठली आणि सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“आजोबा, भातात टोके आहेत. माझा भाऊ जेवत नाही. कणगीच्या वरचा तांदूळ द्या ना.”



“पोरी, तू अन्नाला नाव ठेवलंस?” सगळ्यात मोठे आजोबा म्हणाले.

“मी नाही ठेवलं. त्याला आधीपासूनच नाव आहे. टोका म्हणतात त्याला. हा बघा, चालतोय.”

मागे एक पोरगं फिस्सकन हसलं. आजोबांचे कान लाल झाले.

“नाव गुणी आणि गुण हे! आमच्या वेळी आम्ही काय खाल्लं, माहीत आहे?”

“टोके खाल्ले असतील, तर तुम्हाला कळायला हवं होतं ना, आजोबा.”

मग तिथेच पंचायत बसली. पोरगी कशी उभी राहिली, आवाज किती चढवला, डोळ्याला डोळा कसा भिडवला, बापाने वळण लावलंच नाही, यावर पाचही जण भरभरून बोलले. भातावर कुणी बोललं नाही. त्यातल्या एका म्हाताऱ्याने ताटात नीट वाकून पाहिलं होतं. त्याला टोका दिसलाही होता. त्याने हळूच चष्मा काढून खिशात ठेवला.

“बाकी कुणाला काही दिसलं का?” आजोबांनी मुलांना विचारलं.

मुलांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी नखं बघत होते.

“छान आहे,” एक पोरगी पुटपुटली. मग सगळी म्हणाली, “छान आहे!”

गुणीचं ताट पालथं झालं.

गाव अगदीच निर्दय नव्हतं. एवढी ओरड झाली म्हणून जेवणघर सुधारायचं ठरलं. भिंतींना पिवळा रंग दिला. दाराला तोरण बांधलं. मुलांना गोल बसवून जेवणाआधी गावाचे आभार मानायचं गाणं शिकवलं. तांदूळ तळातलाच आला.

उपाशीपोटी शाळेत बसवेना, म्हणून गुणी बापाबरोबर रानात जाऊ लागली. तिच्या शाळेचं काय झालं, असं कुणी विचारलं नाही. शाळा सोडलेल्या पोरीबद्दल मोठी माणसं एकच म्हणतात, डोकंच नव्हतं तिला.

एका दुपारी ती मोळी घेऊन शाळेपाशी थांबली. तान्या बाहेर आला. ओठाला भाताचं शीत चिकटलेलं होतं. गुणीला एकदम बरं वाटलं.

“जेवलास?”

“हो.”

“टोके नव्हते ना रे?”

तान्याने मागे वळून दाराकडे पाहिलं. “छान होतं.”

“अरे, मला सांग. मी ताई आहे तुझी.”

“छान होतं म्हटलं ना!” तो ओरडला आणि तिच्यापासून दोन पावलं लांब सरकला. “तू जा इथून. तुझ्याशी बोलताना बघितलं तर माझं पण ताट पालथं करतील.”

तो आत पळाला. आतून आभाराचं गाणं सुरू झालं. आवाज मोठा होता, सूर अगदी बरोबर होता.

तात्पर्य हवंच असेल तर घ्या: पोराचं तोंड बंद केल्याने ताटातला किडा मरत नाही, पोर तेवढं मोठ्या माणसांसारखं होतं.